विमानाचा 'चढ' म्हणजे काय? जुनी पंख्याची विमानं आणि सोलापूरची चिमणी

धावपट्टी सोडली की विमानाचं अर्धंच काम झालेलं असतं. पुढे काही उंच आडवं आलं, तर त्याच्या वरून जाता येईल का? या क्षमतेलाच 'क्लाइंब परफॉर्मन्स' म्हणतात.

हिशेब कसा करतात?
एक इंजिन टेकऑफलाच बंद पडलं, असं धरून गणित मांडतात. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला चाकं आत घेतल्यावर उरलेल्या इंजिनावर किमान २.४ टक्के चढ जमायला हवा. म्हणजे १०० मीटर पुढे, २.४ मीटर वर. या चढाने ९० मीटर उंची गाठायला पावणेचार किलोमीटर लागतात!

जुन्या विमानांची अडचण
डकोटा (डीसी-३) विमानात साधारण १२०० अश्वशक्तीची दोन पिस्टन इंजिनं असत. एक बंद पडलं की त्याचा पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला मागे खेचतो. मग पाती वाऱ्याला समांतर वळवावी लागतात. याला 'फेदरिंग' म्हणतात. ते वैमानिकाने करायचं, तेही बंद इंजिन अचूक ओळखून. आजच्या एटीआर ७२ मध्ये टेकऑफच्या वेळी ही पाती आपोआप वळतात आणि दुसऱ्या इंजिनाची ताकदही आपोआप वाढते.

सोलापुरात काय वेगळं?
विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर आहे. पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण १५०० मीटरवर असल्यासारखं वाटतं. महाबळेश्वरही याहून खाली आहे! इंजिन आणि पंख, दोघांचा जोर कमी पडतो. अशा वेळी उपाय एकच: वजन कमी करा. म्हणजे प्रवासी, सामान किंवा इंधन कमी.

त्यात सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटरची चिमणी विमानांच्या वाटेत होती. बराच वाद झाला आणि जून २०२३ मध्ये ती पाडली. जून २०२५ मध्ये फ्लाय ९१ ची गोवा सेवा सुरू झाली, एटीआर ७२ नेच.

मोबाईलवर करून बघा
फ्लाइट ट्रॅकर ॲपमध्ये नुकतंच उडालेलं विमान निवडा. व्हर्टिकल स्पीडला (फूट प्रति मिनिट) ग्राउंड स्पीडने (नॉट्स) भागा. १२०० भागिले १५०, उत्तर ८. म्हणजे साधारण ८ टक्के चढ. दोन्ही इंजिनं चालू असताना हा आकडा २.४ च्या बराच वर दिसेल. तो फरक म्हणजेच तुमची सुरक्षितता.