जुन्या फियाटचा ड्रम उघडण्याआधी

पोस्ट लांब आहे. पण घरात जुनी फियाट, अम्बॅसॅडर किंवा जीप उभी असेल, तर पूर्ण वाचा.

आपल्या नागपुरात जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करायची हौस चांगलीच वाढली आहे. रॅली निघाली की आपणही पोरांना घेऊन फोटो काढायला जातो. रंग कोणता, क्रोमची पट्टी कुठून आणली, यावर तासन्‌तास गप्पा होतात. ब्रेकच्या लायनरमध्ये काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. बहुतेक जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आहे, आणि त्याचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे.

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये उतारावर घोडागाडी थांबवायला गाडीवान चाकाला जुने बूट लावायचे. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं 1897 मध्ये ब्रेकचे ठोकळे बनवायला घेतले. आडनावाची अक्षरं उलटसुलट केली, बायको एलिझाबेथच्या नावातला 'ई' घातला, आणि नाव ठेवलं 'फेरोडो'. मोटारी आल्या, ब्रेक तापू लागले, तेव्हा न जळणारा धागा हवा झाला. तो म्हणजे ॲस्बेस्टॉस. 1926 मध्ये फेरोडो 'टर्नर अँड न्यूऑल' या बड्या ॲस्बेस्टॉस कंपनीत गेली.

त्याच्या दोनच वर्षं आधी, 1924 मध्ये, रॉचडेल गावात नेली केरशॉ ही बाई वारली. वय 33. टर्नर ब्रदर्सच्या गिरणीत ती ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुफ्फुसं तपासली, तर आत त्याच धाग्याचे कण. कंपनीनं भरपाई नाकारली. पण प्रकरण दबलं नाही. ब्रिटिश सरकारनं चौकशी केली आणि 1931 मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांसाठी धुळीचे नियम आले. म्हणजे हा धागा फुफ्फुस खातो, हे आपल्या आजोबांच्या काळातच सरकारी कागदावर आलं होतं.

स्वातंत्र्यानंतर याच कंपनीचा भारतीय अवतार, हिंदुस्तान फेरोडो, मुंबईत घाटकोपरला उभा राहिला. तिकडे कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर. लोकलनं मधे फक्त विद्याविहार. 1954 पासून प्रीमियरनं फियाट 1100 काढली, 1974 मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. लग्नाची वरात असो की कामठीची टॅक्सी, विदर्भातही हीच गाडी. त्या पिढीच्या गाड्यांत ब्रेक शू, क्लच प्लेट, सायलेन्सरच्या जोडाचं पॅकिंग, सगळीकडे ॲस्बेस्टॉस असायचं. माल आला, गाड्या आल्या. 1931 चे नियम तेवढे बोटीत चढले नाहीत.

गाडी नुसती उभी आहे तोवर भीती नाही. लायनरमधला धागा राळेत घट्ट बसलेला असतो. ब्रेक लावताना जी धूळ पडते, तिच्यातलं बरंचसं ॲस्बेस्टॉस उष्णतेनं बदलून जातं, हेही खरं. पण सगळं नाही. आणि गाडी नव्यानं उभी करताना आपण नेमकं उलट काम करतो. वर्षानुवर्षं बंद असलेला ड्रम उघडतो, हवा मारतो, जुनं लायनर रिबेट तोडून काढतो. वर कोणीतरी हौसेनं "ओरिजिनल" म्हणून गोदामातलं जुनं नवंकोरं लायनर आणतो. ते कानशीनं घासून बसवताना उडते ती धूळ सगळ्यात वाईट, कारण तिच्यातला धागा अजून भाजलेला नसतो.

एका मिस्त्रीला मी हे सांगितलं. तो हसला. "साहेब, तीस वर्षं झाले हवा मारून राहिलो, काही नाही झालं." अडचण इथंच आहे. या धाग्याचे आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतात. त्यात बिडी-सिगारेट असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पट. तोपर्यंत गॅरेज बदललेलं असतं, मालक गेलेला असतो, आणि डॉक्टर दम्याचा पंप लिहून देतात.

सुप्रीम कोर्टानं जानेवारी 1995 च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीची नोंद 40 वर्षं ठेवा, असं सांगितलं. त्यानंतर डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याचे कामगार तपासले. 2005 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात पाचातल्या एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. ही कारखान्यातली माणसं, निदान हजेरीपटावर तरी होती. दोन पोरं ठेवून चालणारी गॅरेज कारखाना कायद्यात बसतच नाही. त्या पोरांची नोंद कोण ठेवणार? ब्रिटननं 1999 मध्ये ॲस्बेस्टॉस पूर्ण बंद केलं. आपण 1986 मध्ये खाणींना नवे पट्टे देणं थांबवलं आणि बाहेरून आणत राहिलो.

करायचं काय? ड्रम उघडला की हवा मारायची नाही, कोरडा ब्रशही नाही. साबणाच्या पाण्यानं हळूच ओलं करा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं ओलं असतानाच पिशवीत बांधा. नवीन लायनर घेताना ॲस्बेस्टॉस नसलेलं मागा, भले ते "ओरिजिनल" नसो. तोंडाला बांधलेला रुमाल इथं कामाचा नाही, बारीक धूळ अडवणारा घट्ट बसणारा मास्कच हवा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. आणि पोरांना "बघ कसा उघडतो" म्हणून शेजारी बसवू नका.

राहिली ती पिशवी. घातक कचऱ्याच्या नियमांत ॲस्बेस्टॉस येतं, आणि अशा कचऱ्याची विल्हेवाट लावायची व्यवस्था आपल्या बुटीबोरीत आहे. पण ती कारखान्यांच्या टनांच्या हिशोबानं चालते. गल्लीतल्या गॅरेजची दीड किलोची पिशवी तिथं पोचवणार कोण? सध्या ती झाडून रस्त्यावर येते किंवा सकाळच्या कचरागाडीत जाते. मनपानं महिन्यातून एक दिवस ठरवून गॅरेजांकडून ही पिशवी वेगळी उचलावी, एवढीच मागणी आहे. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला टॅग करा. गॅरेजवाल्या भावांनो, तुमच्याकडे हा कचरा आज कुठं जातो, खाली लिहा.