टिळक, लक्ष्मीबाई आणि रमाबाई : ख्रिस्ती श्रद्धेतून स्वतःचा शोध



आपल्या नोव्हायच्या मराठी घरांमध्ये एक विषय अधूनमधून निघतोच. कुणाची मुलगी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर चर्चच्या युवक गटात जाऊ लागते. कुणाकडे ख्रिस्ती सून किंवा जावई येतो. आणि काही कुटुंबे तर नगर, वसई किंवा पुण्याहून ख्रिस्ती म्हणूनच इथे आलेली असतात. मग गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कुणीतरी सहज विचारते, "अरे, तुम्ही ख्रिश्चन? मला वाटलं तुम्ही मराठी!" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण ऐकणाऱ्याला ते टोचते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा प्रश्न तर याहून खोल असतो. मी नक्की कोण, आणि माझ्या आयुष्याचे काम काय?

कुणी कुठला धर्म पाळावा हे सांगण्याचे काम आमचे नाही. पण हा प्रश्न मराठीत नवा नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी काही मराठी माणसांना तो पडला, त्याचे उत्तर त्यांना ख्रिस्ताजवळ मिळाले, आणि त्यासाठी त्यांनी भारी किंमत मोजली. त्यांनी हे सारे मराठीत लिहूनही ठेवले आहे. ही माहिती आपल्या घरात असावी, म्हणून हा लेख.

अमेरिका आधी आपल्याकडे आली

आपल्यापैकी बहुतेकांची अमेरिकेची वाट १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर मोकळी झाली. अमेरिका मात्र त्याच्या दीडशे वर्षे आधीच आपल्याकडे येऊन गेली होती. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन मिशनरी मुंबईत उतरले. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठवले होते. त्यातूनच पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' उभे राहिले. १८३१ मध्ये या मिशनचे काम अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) सुरू झाले आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा होती. ती पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, ही गोष्ट आपण शाळेत शिकलेलो आहोत. ती शाळाही याच मिशनची.

हे सांगायचे कारण असे की पुढे ज्यांच्याबद्दल लिहिले आहे त्या टिळक पती-पत्नींचे आयुष्य याच नगरच्या मिशनभोवती घडले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९)

'केवढे हे क्रौर्य' ही बाण लागलेल्या पक्षिणीची कविता ज्यांनी शाळेत पाठ केली, त्यांना हे टिळक माहीत आहेत. फुलांमुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पुस्तकात नावामागे 'रेव्हरंड' छापलेले असायचे, पण ते का, हे वर्गात फारसे कुणी सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही.

टिळक कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. चित्पावन घर, संस्कृतचा उत्तम व्यासंग, कीर्तन-व्याख्यानांची आवड. स्वभाव मात्र एका जागी न ठरणारा. नोकरी धरायची, सोडायची, घरातून न सांगता निघून जायचे. आज आपण सहज म्हणू, 'सेटल' होत नव्हते. पण त्या भटकंतीमागे एक तळमळ होती. देशाचे भले कशाने होईल, जातीपातीत अडकलेल्या माणसांना एकत्र आणणारा धर्म कोणता, हा विचार त्यांच्या मनात सतत चाले. एखादा नवाच धर्म काढावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले होते.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले आणि ख्रिस्तावर गेले. उतरताना त्या गृहस्थांनी त्यांना 'नवा करार' दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते आवडले नाही, पण पुस्तक वाचीन असा शब्द त्यांनी दिला आणि पाळला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवरही प्रेम करा, हे सांगणारी ती पाने त्यांना पुढे जाऊ देईनात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचे नाव त्यांना पुढेही कधी कळले नाही.

धर्म बदलला, पण नाव तेच राहिले. नारायण आणि वामन ही दोन्ही विष्णूचीच नावे! नगरच्या मंडळीत त्या काळी इंग्रजी चालीची भाषांतरित गीते गायली जात. टिळकांनी अभंग, ओव्या आणि पदे रचली, टाळमृदंगावर म्हणता येतील अशी भजने लिहिली. 'अभंगांजली' हा त्यांचा संग्रह त्यातलाच. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत आणि ती आजही रविवारी गायली जातात. आपण ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. तेव्हाच्या चर्चमधल्या अनेकांना हे पटले नाही. दोनच वर्षांत टिळक गेले. आणखी दहा वर्षे मिळती तर काय झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

लक्ष्मीबाईंची वाट

टिळकांना उत्तर मिळाले, पण घरी लक्ष्मीबाई होत्या. लग्न झाले तेव्हा त्या जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. वडिलांचे सोवळे कमालीचे कडक, त्या वातावरणात वाढलेल्या. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्या लेखी संसारच संपला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. नाशिक, पंढरपूर अशी चार-पाच वर्षे गेली. टिळकांची पत्रे येत, भेटी होत, पण ताटे वेगळी ती वेगळीच.

पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या, तरी सुरुवातीला सोवळे आणि स्वयंपाक त्यांनी निराळाच ठेवला. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. 'तू ख्रिस्ती हो' असा हट्ट धरला असता तर त्या कदाचित कायमच्या दुरावल्या असत्या. त्यांच्यातला बदल पुस्तकातून किंवा प्रवचनातून आला नाही. जात देवाने केली की माणसाने, या एका प्रश्नावर त्यांनी स्वतःशीच विचार केला. माणसानेच केली, असे मनाशी ठरल्यावर कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असा निर्धार त्यांनी केला. शरीराला त्याचा त्रास झाला तरी निश्चय मोडला नाही. ख्रिस्तावरचा विश्वास त्यानंतर आला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षांत पोरकी मुले घरात आणणे, आजाऱ्यांची सेवा करणे, ही कामे त्यांनी अंगावर घेतली. ज्या बाईला एके काळी दुसऱ्याची सावली चालत नव्हती, तिच्या स्वयंपाकघरात आता कुणाचीही मुले जेवत होती.

या घरातली आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बालकवी ठोमरे काही काळ टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यावाचून कुणाचे काही अडलेही नाही.

लक्ष्मीबाईंना शाळा अशी मिळालीच नाही. तरी टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी पुढे नेले. त्यातले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. आणि १९३४ पासून भागाभागाने त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झाली. नवऱ्याला त्या सगळीकडे नुसते 'टिळक' म्हणतात, त्याचे वेंधळेपण सांगतात, स्वतःची फजिती सांगतात, आणि वाचता वाचता डोळ्यांत पाणी कधी येते ते कळत नाही. मराठीतले सर्वांत चांगले आत्मचरित्र कोणते असे आम्हाला कुणी विचारले, तर आम्ही हेच नाव सांगू. टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचा शोध आम्हाला अधिक मोठा वाटतो, हेही इथेच सांगून टाकतो. टिळकांना भाषा होती, व्यासंग होता, बाहेरचे जग होते. लक्ष्मीबाईंनी सगळे स्वयंपाकघरातून सुरू केले.

पंडिता रमाबाई अमेरिकेत

रमाबाई डोंगरे (१८५८-१९२२) या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्या. आईवडिलांबरोबर देशभर पुराणे सांगत फिरल्या. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेले. कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लग्न झाले, दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. पदरी लहान मनोरमा होती. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात मोठा गहजब झाला. फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

पण इंग्लंडमध्येही रमाबाई निमूट राहिल्या नाहीत. ज्या सिस्टर्सकडे त्या राहत, त्यांच्याशी पत्रातून त्यांचे वाद चालत. मला पटेल तेच मी मानीन, चर्चने सांगितले म्हणून नाही, ही त्यांची भूमिका. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. गावोगावी व्याख्याने दिली. १८८७ मध्ये बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि हिंदू विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे तिने कबूल केले. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. त्याच वर्षी रमाबाईंचे अमेरिकेवरचे मराठी पुस्तक आले. इथल्या स्त्रियांच्या संस्थांचे कौतुक त्यात आहे, आणि मूळ रहिवासी व कृष्णवर्णीय लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीकाही आहे. अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात हे पुस्तक असायला हरकत नाही.

पुढचे सगळे गोड नाही. शारदा सदनात धर्मप्रसार करायचा नाही, अशी अट होती. रमाबाईंची स्वतःची प्रार्थना मात्र उघड्या दाराने चाले आणि काही मुली तिथे जाऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी म्हणता येत नाही, आणि स्वतःच्या घरात लपून प्रार्थना करायला नकार देणारी बाईही चूक म्हणता येत नाही. हा तिढा आजही तसाच आहे.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळाला नव्हता, असे रमाबाईंना जाणवले. तसे त्यांनी स्वतः लिहिले आहे. दुष्काळातल्या मुलींना घेऊन केडगावला 'मुक्ती' उभी राहिली ती त्यानंतर. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल आणले. मुक्तीतल्या स्त्रियांनीच ते छापले. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा रमाबाई हयात नव्हत्या.

हे सगळे ब्राह्मणांचेच झाले

असे कुणी म्हणेल आणि ते खरे आहे. नगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. त्यांच्यासाठी ख्रिस्ती होण्याचा अर्थ निराळा होता : शाळेत बाकावर बसता येणे, अक्षर येणे, देवाच्या दारात आत जाता येणे. त्यांच्यापैकी फार थोड्यांची आत्मचरित्रे आपल्यापर्यंत आली. चर्चमध्येही जात पूर्ण गेली नाही. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. नव्या ओळखीची ही किंमत ते अजून भरत आहेत.

वसईच्या कॅथलिकांची परंपरा आणखी जुनी, पोर्तुगीज काळातली. घरात सामवेदी बोली, चर्चमध्ये मराठी. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तेव्हाही 'ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा?' अशी कुजबूज झाली. २०२४ मध्ये ते वारले.

मुलांसाठी

इथे वाढलेल्या ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेला 'स्मृतिचित्रे'चा इंग्रजी अनुवाद आहे. रमाबाईंच्या अमेरिकेवरच्या पुस्तकाचा अनुवाद मीरा कोसंबी यांनी केला आहे. दोन्ही हायस्कूलच्या मुलांना झेपतील. विजया मेहतांचा 'स्मृतिचित्रे' हा चित्रपट मिळाला तर आजी-आजोबांसह सगळ्यांनी बसून पाहावा. सुहास जोशींनी लक्ष्मीबाई अशा उभ्या केल्या आहेत की मूळ पुस्तक वाचल्याशिवाय राहवत नाही.

आणि एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी 'उपासना संगीत'ची जुनी प्रत असेल, किंवा टिळकांची भजने मूळ चालीवर कुणाला येत असतील, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भजनाच्या कार्यक्रमात तुकोबांच्या अभंगांबरोबर तीही म्हणावीत असा विचार आहे. पेटी आणि तबला आपल्याकडे आहेच, मृदंग कुणाकडे असला तर फारच छान.