तेरा संस्थांची दिंडी



दिंडीच्या शंभरीच्या या अंकात कोणी विणेकऱ्यांची परंपरा लिहिली, कोणी मुक्कामांची. आम्ही आपल्या मुलखातल्या आरोग्याच्या संस्थांबद्दल चार शब्द मांडतो. कोणी म्हणेल, दिंडीच्या अंकात दवाखाना कशाला? पण वारी आणि रोगराई यांची ओळख जुनी आहे. पंढरपुरात पटकीनं माणसं पटापट जायची तो काळ आपल्या आज्या-पणज्यांनी भोगला. पुढं लस टोचून घ्यायचा नेम आला, तेव्हा कुठं ती भीती कमी झाली. वाळवंट झाडून काढणारे गाडगेबाबा याच वऱ्हाडातले. त्यांनी मुंबईत रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधल्या. बाबा औषध देत नव्हते. पण औषध देणाऱ्याच्या दारात टेकायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं. डॉक्टरानं डॉक्टरचं काम करावं, बाबानं बाबाचं, अन् दोघांचं मिळून रोग्याचं भलं व्हावं. आमच्या मते सहकार्य म्हणतात ते हेच.

विदर्भात या कामाची वाट महारोग्यांच्या सेवेपासून पडली. 1936 ला मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम सुरू केलं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं. 1949 ला बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन बसवलं. ज्याला गाव वेशीबाहेर काढत होतं, त्याला या तीन ठिकाणी हाताला काम अन् ताटात भाकर मिळाली.

मग सेवाग्राम. 1969 ला डॉ. सुशीला नायर यांनी तिथं वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथल्या डॉ. उल्हास जाजूंनी आजूबाजूच्या गावांत ज्वारीचा विमा चालू केला. सुगीला ज्वारी निघाली की प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीप्रमाणे ती जमा करायची अन् दुखण्याला दवाखान्याचा आधार घ्यायचा. शेतकऱ्याजवळ नगद पैसा नसतो, खळ्यावर दाणा असतो, हे ओळखूनच ती योजना केली होती. दिंडीचा शिधा आपण असाच जमवतो ना? कोणी पायली देतो, कोणी पोतं देतो, पंगतीला मात्र सगळे सारखे बसतात.

नगर जिल्ह्यात जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवराबायकोनं गावातल्याच बायांना शिकवलं. त्यात कितीतरी निरक्षर होत्या. गावची बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे त्यांनी दाखवलं. ते पाहायला परदेशातून लोक आले.

गडचिरोलीला 1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. तिथली एक गोष्ट आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो. लहान लेकराला न्यूमोनिया झाला की श्वास जलद चालतो. ते ओळखायला मिनिटभर श्वास मोजावे लागतात. पण दायांना बारा-पंधराच्या पुढं मोजता येईना. मग एक साधन बनवलं. वाळूचं घड्याळ अन् सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. घड्याळातली वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर लेकरू धोक्यात. ज्या बाईला अक्षर येत नव्हतं, ती मण्यावर निदान करू लागली. आपण तुळशीच्या मण्यावर नाम मोजतो. तिनं लेकराचा श्वास मोजला. दोन्ही जपच, असं आम्ही मानतो.

पुढं गावातल्या आरोग्यदूत बायांनी नुकत्या जन्मलेल्या बाळांची घरीच जाऊन काळजी घेतली. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणं, हे सारं त्यांनी केलं. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. 1999 मध्ये ते इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या साप्ताहिकात छापून आलं.

आता मुद्द्यावर येतो. एका संस्थेनं आपल्या भागात काम केलं, ठीक. पण राज्याचं काय? त्यासाठी महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांतल्या 13 संस्था एकत्र आल्या. 231 गावं आणि शहरातल्या 6 झोपडपट्ट्या त्यांनी वाटून घेतल्या. घरोघर जाऊन जन्म किती, लेकरं गेली किती, हे दोन वर्षं लिहून काढलं. 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या नावानं अहवाल निघाला. राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख लेकरं दगावतात, असा त्यांचा अंदाज होता. सरकारी वहीत आकडा फार कमी होता. म्हणजे लेकरू जन्मलं ते कागदावर नाही, गेलं तेही कागदावर नाही. आईच्या पदरात तेवढी नोंद. सरकारला समिती नेमावी लागली.

एका संस्थेनं हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुमच्या जंगलातलं आहे, बाकी ठीक चाललंय. तेरा जणांनी एकाच पद्धतीनं मोजलं, म्हणून ते टाळता आलं नाही. माउलींच्या पालखीत समाजआरतीला चोपदारानं दंड वर केला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात, अन् चोपदार तिच्याकडं जातो. तेरा संस्थांचं काम या वाजत राहिलेल्या टाळासारखं झालं. प्रत्येक दिंडीचा विणेकरी वेगळा, मुक्काम वेगळा, शिधा वेगळा, पण क्रम मोडत नाही. हैबतबाबांनी लावलेल्या या शिस्तीत लहान दिंडी लहान राहत नाही.

याचं फळ पुढं देशभर मिळालं. 2005 पासून गावोगाव आशाताई आल्या. 2011 पासून नवजात बाळाच्या घरी जाऊन भेटी देण्याचं काम सरकारनं देशभरच्या आशांना दिलं. त्याच्या मुळाशी गडचिरोलीच्या आरोग्यदूत बाया आहेत.

आता आपल्या पांढरकवड्याचं. आपला तालुका कापसाचा. कोलामांचे पोड रानात लांब लांब. आजार मोठा झाला की यवतमाळ, नाहीतर सेवाग्राम गाठावं लागतं. 2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीचं विष बाधून वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा आपण सगळे हळहळलो. पण कोणत्या गावात किती जणांना बाधा झाली, कोणाचे डोळे अधू झाले, कोण पुन्हा फवारायला लागला, याची वही गावात कोणाकडं आहे? शासनाची यंत्रणा एका बाजूनं जाते, संस्था दुसऱ्या बाजूनं, भजनी मंडळ तिसऱ्या बाजूनं. तिन्ही चांगल्या, पण एकमेकींना विचारत नाहीत. फलक प्रत्येकीचा वेगळा, फोटो वेगळा, अन् रोगी तोच.

आपल्या दिंडीचे माळकरी कितीतरी गावांत आहेत. गावागावात एका माळकऱ्यानं एक वही ठेवावी. आशाताई, अंगणवाडीताई अन् गुरुदेव सेवा मंडळाच्या भावांसोबत महिन्यातून एकदा, एकादशीच्या दिवशी बसावं. कोणाच्या घरी बाळ झालं, कोणाचं गेलं, कोणाला फवाऱ्याची बाधा झाली, ते लिहावं. आपल्या नावासाठी नाही, तर ती वही डॉक्टरपुढं अन् साहेबापुढं ठेवता यावी म्हणून. पोडावरच्या घराला वगळू नये. उलट तिथून सुरुवात करावी.

शंभर वर्षं आपण पाऊल मोजत पंढरी गाठली. पुढच्या शंभरात गावातलं एक बी लेकरू मोजणीवाचून राहू नये, एवढंच मागणं पांडुरंगाजवळ आहे.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.