कणकेतील गंधकाचे दुवे आणि रायपूरची अंगाकर

रायपूर परिसरात तांदळाच्या पिठात शिजवलेला भात मळून अंगाकर रोटी थापतात. गव्हाच्या कणकेला अशा आधाराची गरज नसते. या फरकाचे कारण उलगडण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला.

बोलोन्याचे बेक्कारी यांनी १७२८ मध्ये दाखवले की, गव्हाचे पीठ पाण्याने धुतल्यास स्टार्च वाहून जातो आणि चिवट ग्लुटेन उरते. अमेरिकी रसायनज्ञ थॉमस ऑस्बर्न यांनी १९०७ मध्ये त्यातील दोन प्रथिनांचे सविस्तर विवेचन केले: अल्कोहोलमध्ये विरघळणारे ग्लायडिन आणि न विरघळणारे ग्लुटेनिन. पुढे स्पष्ट झाले की, ग्लुटेनिनच्या साखळ्या गंधकाच्या डायसल्फाइड बंधांनी एकमेकींत गुंफल्या जातात. त्यातून कणकेला लवचिकता येते, तर ग्लायडिनमुळे ती ताणली जाते.

तांदळातील ग्लुटेलिनमध्येही डायसल्फाइड बंध असतात. परंतु त्यांचे असे ताणले जाणारे जाळे विणले जात नाही. तेथे शिजलेला स्टार्चच पीठ बांधून ठेवतो.

डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात सीलिअ‍ॅक रोगाचा गव्हाशी असलेला संबंध मांडला. या रुग्णांना ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य असते. गव्हाच्या स्पर्शापासून जपलेली अंगाकर मात्र त्यांच्या ताटात निर्धास्तपणे वाढता येते.