वारा वाढला की मोजमाप बदलले?

लखनौचे चारबाग स्थानक समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही जुलैत तेथे कोसळणाऱ्या पावसाचे पाणी बहुतांशी सागरी वाऱ्यांनीच वाहून आणलेले असते. हे वारे दीर्घकाळात प्रबळ होत आहेत की क्षीण, हा प्रश्न म्हणूनच केवळ किनाऱ्याचा नाही. त्याचे उत्तर मात्र मोजमापाच्या इतिहासात गुंतलेले आहे.

१८०५ मध्ये फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी वाऱ्याची श्रेणी आखली. पुढे लाटांचे रूप पाहून खलाशी वाऱ्याचा अंक नोंदवू लागले. विसाव्या शतकात जहाजांवर वायुवेगमापक आले. जहाजे जशी मोठी झाली, तसे मापकही उंच गेले. उंचीवर वारा अधिक वेगाने वाहतो. त्यामुळे नोंदींत दिसणाऱ्या वाढीचा काही भाग निव्वळ कृत्रिम होता. त्यानंतर उपग्रह आले : १९९९ मध्ये अमेरिकेचा ‘क्विकस्कॅट’, २००९ मध्ये भारताचा ‘ओशनसॅट-२’.

या विजोड नोंदी एकाच संगणकीय प्रारूपात गुंफून भूतकाळाचे सलग चित्र उभे करणे, यालाच ‘पुनर्विश्लेषण’ म्हणतात. अमेरिकेचा ‘एनसेप-एनकार’ संच १९४८ पासूनचा आणि सुमारे २५० किलोमीटरच्या जाळीचा. युरोपचा ‘एरा-५’ १९४० पासूनचा आणि सुमारे ३१ किलोमीटरचा. नोएडा येथील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचा ‘इम्डा’ १९७९ पासून १२ किलोमीटरच्या जाळीवर मान्सून पाहतो. प्रारूप स्थिर राहिले, तरी त्यात येणाऱ्या निरीक्षणांची संख्या व जात बदलते. तो बदलही कल म्हणून उमटू शकतो.

कालखंडाची निवडही तितकीच निर्णायक असते. २००५ मध्ये जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी १९९७ ते २००४ या काळात अरबी समुद्रावरील उन्हाळी वारे बळावले व वनस्पतिप्लवक वाढले, असे मांडले. २०१६ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे दाखवले. आठ वर्षांचा चढ आणि सहा दशकांचा उतार एकाच सागरप्रदेशात नांदू शकतात.

अनेक संच एकाच दिशेला बोट दाखवू लागले, तरी तेवढ्याने निष्कर्ष सिद्ध होत नाही. कारण त्यांच्या मुळाशी बहुधा तीच जहाजे आणि तेच उपग्रह असतात. खरी कसोटी लागते ती प्रारूपात न वापरलेल्या तरत्या बोयांच्या नोंदींशी ताडून पाहताना.