हिरवे दिसणारे रानही तहानलेले असू शकते

पाऊस लांबला की शेतातील पीक आठवडाभरात माना टाकते. जंगलातील वृक्षांचे तसे नसते. त्यांची मुळे खोलवर गेलेली असतात आणि भूगर्भातील ओलाव्यावर ते काही महिने सहज तग धरतात. मात्र, पाने हिरवी दिसत असतानाच खोडातील जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरून त्या निकामी होऊ लागतात. असा वृक्ष कित्येकदा अवर्षण संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनी वठतो. त्यामुळे अवर्षणाचा ताण वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते. लाखो चौरस किलोमीटरच्या जंगलात हे काम कृत्रिम उपग्रहच करू शकतात. पण उपग्रहाने नेमके काय पाहायचे, हे कळायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला.

वनस्पतींच्या निरीक्षणाची जुनी पद्धत प्रकाशावर आधारलेली आहे. निरोगी पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर निकट-अवरक्त किरण पान मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंमधील फरकावरून 'वनस्पती निर्देशांक' काढला जातो. १९७२ मध्ये पहिला लँडसॅट उपग्रह सोडण्यात आला, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. डिसेंबर १९९९ मध्ये सोडलेल्या 'टेरा' उपग्रहावरील 'मोडिस' या उपकरणामुळे जवळजवळ रोज साऱ्या पृथ्वीची हिरवाई मोजता येऊ लागली.

या मोजणीची खरी परीक्षा ॲमेझॉनच्या खोऱ्यात झाली. उत्तर अटलांटिक महासागराचे उष्णकटिबंधातील पाणी नेहमीपेक्षा अधिक तापल्याने २००५ मध्ये खोऱ्याच्या नैर्ऋत्य भागात तीव्र अवर्षण पडले. नद्यांची पात्रे उघडी पडली. तरीही मोडिसच्या नोंदींत जंगल अधिकच हिरवे झाल्याचे दिसले! २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ढग कमी झाल्याने ऊन वाढले आणि खोल मुळांच्या बळावर वृक्षांनी त्याचा लाभ घेतला, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. ॲमेझॉनला अवर्षणाची फारशी भीती नाही, असा दिलासा त्यातून मिळत होता.

हा दिलासा टिकला नाही. जंगलातील ठरावीक भूखंडांवर वर्षानुवर्षे वृक्षांचे घेर मोजणाऱ्या अभ्यासकांनी २००९ मध्ये वेगळेच चित्र मांडले. त्यांच्या अंदाजानुसार वृक्षांची वाढ मंदावून आणि अनेक वृक्ष मरून १.२ ते १.६ अब्ज टन कार्बनचे नुकसान झाले होते. धूर आणि ढगांमुळे दूषित झालेल्या नोंदी वगळल्यावर २००५ मधील 'हिरवाई' उरत नाही, असे २०१० मधील फेरतपासणीत आढळले. कोरड्या ऋतूत दरवर्षी दिसणारी हिरवाई ही सूर्याची बदलती दिशा आणि त्यामुळे कमी होणाऱ्या सावल्या यांचा परिणाम आहे, असे २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले. या प्रश्नावरील वाद पुढेही चालू राहिला. पण केवळ हिरवेपणावरून जंगलाचे आरोग्य ठरवणे धोक्याचे आहे, हे स्पष्ट झाले.

उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. 'क्विकस्कॅट' हा उपग्रह समुद्रावरील वारे मोजण्यासाठी सोडलेला होता. त्याच्या रडारच्या सूक्ष्मलहरी ढगांतून आरपार जातात. जंगलाच्या छतावरून त्या किती प्रमाणात परततात, हे पर्णसंभाराची रचना आणि त्यातील पाणी यांवर अवलंबून असते. या नोंदींवरून २०१३ मध्ये निष्पन्न झाले, की २००५ च्या अवर्षणाची झळ पश्चिम ॲमेझॉनमधील सुमारे ७ कोटी हेक्टर जंगलाला बसली होती. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक आहे. पाऊस पूर्ववत झाल्यानंतरही जंगलाचे छत २००९ पर्यंत पुरते सावरले नव्हते.

आता उपग्रह तहानेची अन्य लक्षणेही टिपतात. पाणी वाचवण्यासाठी वृक्ष पर्णरंध्रे मिटतात तेव्हा बाष्पोत्सर्जन घटून पाने तापतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१८ मध्ये बसवलेले 'इकोस्ट्रेस' हे उपकरण असे तापमान मोजते. प्रकाशसंश्लेषणाच्या वेळी पानांतून बाहेर पडणारा अत्यंत क्षीण प्रकाशही काही उपग्रहांना जाणवतो.

विदर्भातील सागाच्या जंगलांसाठी यातील धडा मोलाचा आहे. साग उन्हाळ्यात स्वभावतःच निष्पर्ण होतो. त्यामुळे तेथे हिरवाई घटली म्हणजे संकट आले, असे म्हणता येत नाही. त्याच आठवड्यातील अनेक वर्षांच्या नोंदींशी तुलना केली, तरच नेहमीची पानगळ आणि अवर्षणाचा ताण यांतील फरक कळतो. 'इस्रो' आणि 'नासा' यांनी ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला 'निसार' उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच भूभागावर परततो. पावसाळी ढगांतूनही पाहू शकणारी त्याची रडार यंत्रणा या कामी उपयुक्त ठरू शकते.

मनौस येथे रिओ निग्रो नदीची पातळी २०२३ मध्ये शतकाहून अधिक काळातील नीचांकावर गेली आणि २०२४ मध्ये तोही विक्रम मोडला. अवर्षणांमधील अंतर असे कमी होत गेले, तर जंगलाला सावरायला उसंत मिळणार नाही. ती मिळते की नाही, हे आकाशातून पाहता येईल; मात्र त्या नोंदींचा खरा अर्थ लावण्यासाठी रानात जाऊन वृक्षांचे घेर मोजणारे हातही लागतीलच.