तळटीप : ‘निरोपांची वही’

‘निरोपांची वही’ हा शब्द लेखकाने दोन प्रोसेसमधल्या (म्हणजे संगणकावर चालू असलेल्या दोन प्रोग्रॅममधल्या) संवादाच्या नोंदीसाठी वापरला आहे. वणी किंवा पांढरकवड्याच्या जिनिंगमधला काटा डोळ्यांपुढे आणा. कापसाची गाडी काट्यावर चढते, संगणक वजन दाखवतो, पावती निघते. आपल्याला खिडकी एकच दिसते. आत मात्र दोन प्रोसेस असू शकतात: एक काट्याच्या वायरीवरून आकडा वाचते, दुसरी पडदा रंगवते. त्यांची मेमरी वेगळी, म्हणून एकीने दुसरीला निरोप धाडावा लागतो. इलेक्ट्रॉन या फ्रेमवर्कवर बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये मुख्य प्रोसेस आणि पडदा रंगवणारा रेंडरर यांचे नातेही असेच आहे. लिनक्सवर प्रोसेसमधले निरोप वाहणाऱ्या डी-बसवरचे निरोप पाहायला तर ‘डीबस-मॉनिटर’ हे तयार साधन मिळते.

पावतीवर आधीच्या गाडीचे वजन उमटले, तर दोष कुणाचा? निरोप गेलाच नाही, उशिरा पोचला, की पोचूनही पडदा जुनाच राहिला? नोंदीशिवाय हे कळत नाही. म्हणून प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक द्यावा आणि पाठवताना व मिळताना, दोन्ही टोकांना वेळेसह तो लिहावा. एकाच टोकाची नोंद अर्धवट साक्ष देते. नोंद लिहिण्यालाही वेळ लागतो. त्या विलंबाने निरोप मागेपुढे झाल्यामुळे घडणारी चूक कधी लपते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. निरोपातले शेतकऱ्याचे आधार व खाते क्रमांक मात्र नोंदीत झाकलेलेच हवेत. — संपादक